मार्चिंग बँडला स्वतःचे मैदान कशासाठी लागते?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने २०१८ मध्ये अ‍ॅन आर्बर शहरातील एका जुन्या लाकूड वखारीची सुमारे साडेसहा एकर जागा २ कोटी ४० लाख डॉलर मोजून विकत घेतली. पुढे त्या जागेवर सरावाचे मैदान आखण्यात आले, त्याला ‘एल्बेल फील्ड’ हे जुनेच नाव देण्यात आले, आणि शेजारचे मूळ एल्बेल फील्ड सुमारे २,३०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी मोकळे झाले. या अदलाबदलीत ज्याची सोय सर्वांत आधी पाहावी लागली, तो विद्यापीठाचा कोणताही क्रीडा संघ नव्हता. तो होता विद्यापीठाचा मार्चिंग बँड, म्हणजे सुमारे चारशे विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद. ज्यांची मुले तिकडे शिकायला गेली आहेत अशा मराठी घरांतून साहजिकच प्रश्न येतो, की वाजंत्र्यांना एवढ्या महागड्या जागेवर स्वतंत्र मैदान कशाला, आणि मुलांना राहायला खोल्या मिळत नसताना बँडची काळजी कसली? उत्तरासाठी थोडे भौतिकशास्त्र आणि बराच इतिहास पाहावा लागतो.

मार्चिंग बँड म्हणजे नेमके काय?

चालता चालता वाजवणारा आणि चालण्यातून मैदानावर आकृत्या काढणारा वाद्यवृंद म्हणजे मार्चिंग बँड. आपल्याकडे लग्नाच्या वरातीपुढे चालणारा ब्रास बँड याच कुळातला असला, तरी तो रस्त्याने सरळ पुढे जातो. विद्यापीठाचा बँड अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला मैदानावर उतरतो, आणि तिथे शेकडो वादक एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी चालत अक्षरे, वर्तुळे, कधी चालणारा घोडा किंवा फिरणारे चाक असे आकार घडवतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मैदानभर पसरलेली लेझीम ज्यांनी केली आहे, त्यांना याची कल्पना लगेच येईल. फक्त लेझमीच्या जागी बारा-पंधरा किलोचे पितळी वाद्य आहे आणि त्यातून सूर काढायचा आहे, असे समजावे.

या चालण्याच्या आखणीला तिकडे ‘ड्रिल’ म्हणतात. आपण कवायत म्हणू. कवायतीत प्रत्येक वादकाला प्रत्येक टप्प्यासाठी मैदानावरचा एक ठरावीक बिंदू दिलेला असतो. नाट्यगृहातल्या खुर्चीला जसा रांगेचा आणि आसनाचा क्रमांक असतो तसाच हा पत्ता असतो, पण एका कार्यक्रमात वादकाला अशा अनेक पत्त्यांवर, मोजक्या पावलांत आणि ठरलेल्या मात्रेवर, एकामागून एक पोहोचायचे असते. पूर्वी हे पत्ते कागदी तक्त्यांवर छापून हातात दिले जात. आता अनेक ठिकाणी ते टॅब्लेटवर दिसतात.

कोणतेही मोकळे पटांगण चालणार नाही का?

अमेरिकन फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह १२० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित अधिक रुंद असते, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ५३ गुंठे. त्यावर दर पाच यार्डांना एक आडवी पांढरी रेषा असते. खेळाडूंना या रेषा चेंडू किती पुढे सरकला हे मोजण्यासाठी लागतात. बँडच्या दृष्टीने त्या आलेखवहीतल्या रेघा आहेत. दोन रेषांमधले अंतर बरोबर आठ पावलांत कापायचे, हा मार्चिंग बँडचा सर्वांत रुळलेला नियम आहे. हिशेब केला तर एक पाऊल साडेबावीस इंचांचे, म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटरचे होते. उंच मुलालाही तेवढेच आणि बुटक्या मुलीलाही तेवढेच.

हे अंतर डोक्याने लक्षात ठेवून भागत नाही, ते पायांत मुरावे लागते. वादकाची नजर समोर उंच चौथऱ्यावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरवर, म्हणजे हातवारे करून लय दाखवणाऱ्या म्होरक्यावर असते. खाली पाहण्याची सोय नसते. दर आठव्या पावलाला टाच रेषेला लागली की पाऊल बरोबर पडते आहे याची खूण पटते. रेषा नसलेल्या डांबरी पटांगणावर सराव केला, तर प्रत्येकाचे पाऊल आपापल्या उंचीप्रमाणे पडू लागते. पावलामागे एक इंच चूक झाली तरी पन्नास यार्ड, म्हणजे ऐंशी पावले चालून गेलेला वादक दोन यार्डांहून अधिक भरकटतो आणि अक्षराचा काना दुसऱ्याच अक्षराला लागतो. शाळेत लेझमीआधी शिपाईमामा फक्कीने रेषा का ओढत असत, ते यावरून कळेल.

आता कोणी विचारेल, की मग सराव स्टेडियममध्येच का करू नये? मिशिगनचे स्टेडियम १९२७ साली उभे राहिले आणि आज त्याची अधिकृत आसनसंख्या १,०७,६०१ आहे. ते फुटबॉल संघाचे घर आहे, बँड तिथे पाहुणा असतो. शिवाय बँडचा सराव सत्रभर आठवड्याच्या दिवशी रोज संध्याकाळी चालतो. म्हणून स्टेडियमच्या मैदानाची हुबेहूब प्रतिकृती दुसरीकडे आखावी लागते. तिच्याकडेला उंच मनोराही लागतो, कारण काढलेली आकृती जमिनीवरून दिसतच नाही. ती वरच्या रांगांतल्या प्रेक्षकांना दिसते, आणि दिग्दर्शकाला त्यांच्या जागी उभे राहून पाहावे लागते.

आवाज उशिरा पोहोचतो

पावलांचे गणित एक वेळ जमवता येईल. आवाजाचे गणित त्याहून अवघड आहे, आणि माझ्या मते मैदानाची खरी गरज इथेच कळते.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोलीत बसून वाजवताना हा वेग लक्षातही येत नाही. पण शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर अंतर कापायला आवाजाला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे मैदानाच्या एका टोकाच्या ढोलाचा ठोका दुसऱ्या टोकाच्या वादकाला अर्ध्या मात्रेहून अधिक उशिरा ऐकू येतो. त्या वादकाने कानावर विश्वास ठेवून त्या ठोक्याबरोबर सूर लावला, तर त्याचा सूर परत पहिल्या टोकाला पोहोचेपर्यंत पूर्ण मात्रा उलटून गेलेली असते. मिरवणुकीत पुढच्या आणि मागच्या रांगांतले ढोल काही वेळाने एकमेकांशी भांडू लागतात, त्याचे एक कारण हेच असते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे कानाऐवजी डोळ्यांनी लय पकडायची, कारण प्रकाशाला हा उशीर होत नाही. म्हणून ड्रम मेजरचा हात सर्वांना दिसला पाहिजे. दुसरा म्हणजे तालवाद्ये शक्यतो मागे आणि मध्यावर ठेवायची, आणि पुढच्यांनी मागून येणाऱ्या आवाजावर वाजवायचे, म्हणजे सगळा आवाज एकाच दिशेने प्रेक्षकांकडे एकत्र पोहोचतो. मात्र आकृती बदलताना ढोल मध्यावरून हलले, की कोणी कानाने ऐकायचे आणि कोणी डोळ्यांनी पाहायचे याचा नियमही बदलतो. हे कौशल्य लहान जागेत शिकवता येत नाही, कारण लहान जागेत ही अडचण निर्माणच होत नाही.

मग बंद खोली कशाला?

मैदान एवढे आवश्यक असेल तर इमारतीवर खर्च कशासाठी, ही शंका रास्त आहे. मैदानावर आवाज चारी बाजूंना निघून जातो, त्यामुळे आपला सूर शेजाऱ्याच्या सुराशी जुळतो की नाही हे नीट कळत नाही. थंडीत पितळी वाद्यांचा स्वर उतरतो, उन्हात चढतो. गाणे बसवण्याचे, चुका शोधण्याचे आणि सूर मिळवण्याचे काम आतच करावे लागते.

पण कोणतीही खोली चालत नाही. कडक भिंतींच्या मंगल कार्यालयात माइकवरून आहेराची घोषणा होते तेव्हा शब्द एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. तिथे नुसता एक माणूस बोलत असतो. तशा खोलीत शंभर कर्णे वाजवले तर कानठळ्या बसतील आणि दिग्दर्शकाला एकही चूक ऐकू येणार नाही. म्हणून सरावाच्या दालनाला उंच छत, भरपूर घनफळ आणि आवाज शोषून घेणाऱ्या भिंती लागतात. यात आरोग्याचाही भाग आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसण्याजोगा मानला जातो, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात.

शिवाय वाद्ये ठेवायची कुठे? अंगाभोवती वेटोळे घालणारा सूझाफोन हा प्रचंड कर्णा १८९३ च्या सुमारास जॉन फिलिप सूझा या बँडप्रमुखाच्या सूचनेवरून तयार झाला. सुरुवातीला त्याचे तोंड आकाशाकडे असे आणि लोक त्याला थट्टेने पावसाचे पाणी साठवणारे भांडे म्हणत. तोंड पुढे वळले, आकार तेवढाच राहिला. असे डझनावारी कर्णे, शेकडो गणवेश आणि स्वरलिपीचे ग्रंथालय सांभाळायला घर लागतेच.

चर्चच्या दालनातून स्वतःच्या घरात

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांचे बँड लष्करी शिक्षणातून जन्मले. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्यातून शेती व तंत्रशिक्षणाची महाविद्यालये निघाली, आणि तिथे लष्करी कवायतही शिकवायची अशी अट होती. कवायतीला ताल हवा म्हणून बँड आले. ओहायो स्टेटचा बँड १८७८ चा. पर्ड्यू विद्यापीठाचा १८८६ चा, तोही पाच विद्यार्थ्यांचा. कवायतीची जागा त्यांना आयतीच मिळाली.

मिशिगन विद्यापीठ या कायद्याच्या आधीचे, त्यामुळे त्याच्या बँडला असे सरकारी छत्र नव्हते. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये हॅरी डीपाँट या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने काही हौशी वादक जमले आणि त्यांचा पहिला सराव हॅरिस हॉलमध्ये झाला. ही विटांची इमारत एपिस्कोपल चर्चने विद्यार्थ्यांसाठी बांधलेली होती. म्हणजे बँड विद्यापीठाचा, जागा देवळाची. आपल्याकडच्या कितीतरी भजनी मंडळांचा आणि नाट्यसंस्थांचा आरंभ असाच झालेला आहे.

दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, मिशिगनने फुटबॉलमध्ये शिकागो विद्यापीठाला १२–११ असे निसटते हरवले आणि त्या आनंदात लुई एल्बेल या संगीताच्या विद्यार्थ्याने ‘द व्हिक्टर्स’ हे संचलनगीत रचले. ते आजही विद्यापीठाचे विजयगीत आहे, आणि सरावाच्या मैदानाला त्याचेच नाव आहे. मूळचे मैदान त्याआधी वाइन्स फील्ड म्हणून ओळखले जाई.

१९३५ मध्ये इंडियाना राज्यातील होबार्ट गावच्या शाळेत बँड घडवून नाव कमावलेले विल्यम रेव्हेली मिशिगनला आले आणि १९७१ पर्यंत राहिले. शिस्तीच्या बाबतीत ते अतिशय कडक होते. त्यांच्या काळात बँडची कीर्ती देशभर झाली, पण त्याला स्वतःचे घर मात्र नव्हते. आधी मॉरिस हॉल या जुन्या वास्तूत सराव होई. दुसऱ्या महायुद्धानंतर बँड पुन्हा हॅरिस हॉलमध्ये आला, आणि पन्नास वर्षांपूर्वी जिथून निघाला होता तिथेच पंचवीसहून अधिक वर्षे राहिला. हॅरिस हॉल विद्यापीठाच्या उत्तर बाजूला आणि मैदान दक्षिणेला, मध्ये सुमारे मैलभराचे अंतर. वाद्य खांद्यावर घेऊन रोज इतके चालणे ही सरावाआधीची वेगळीच कवायत म्हणायची.

१९७३ मध्ये मैदानालगत बँडची स्वतःची इमारत उभी राहिली आणि तिला रेव्हेली यांचे नाव देण्यात आले. आत सूर जुळवायचे, दार उघडून मैदानावर जायचे आणि तीच रचना पावलांवर बसवायची, हे एका संध्याकाळी शक्य झाले. त्याच्या आदल्याच वर्षी बँडमध्ये मुलींना प्रथम प्रवेश मिळाला होता. १९७२ मध्ये शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला, आणि अनेक बँडांची दारे त्यानंतरच उघडली. ओहायो स्टेटमध्ये मुली १९७३ मध्ये आल्या. रेव्हेलींच्या सुवर्णकाळाचे गोडवे गाताना मैदानाचा निम्म्या विद्यार्थ्यांशी संबंधच नव्हता, हे सहसा सांगितले जात नाही.

बाकीच्यांनी काय केले?

पर्ड्यूच्या बँडने १९०७ मध्ये लष्करी रांगा मोडून मैदानावर ‘पी’ हे अक्षर काढले आणि अशी आकृती काढणारे आपणच पहिले, असे ते सांगतात. मध्यंतराचा पहिला कार्यक्रम आपण केला, हा इलिनॉय विद्यापीठाचा दावाही १९०७ चाच आहे. या वादात न पडलेले बरे. इलिनॉयने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्टिन हार्डिंग या आपल्या बँडप्रमुखाच्या नावाने खास बँडसाठी इमारत बांधली. सूझाने इलिनॉयला दिलेला स्वरलिपींचा संग्रह तिथेच आहे.

सर्वांत मजेदार गोष्ट ओहायो स्टेटची. सामन्याच्या सकाळी एकदा शेवटचे वाजवून पाहायचे, अशी तिथे १९३० च्या दशकात प्रथा पडली, आणि तिला ‘स्कल सेशन’ म्हणू लागले. घरचे लोक ऐकायला येऊन बसत. मग त्यांचे मित्र येऊ लागले. सरावाच्या खोलीत माणसे मावेनात, तेव्हा १९५७ मध्ये हा सराव सेंट जॉन अरीना या बंदिस्त क्रीडागृहात नेण्यात आला. तिथे तेरा हजारांहून अधिक आसने आहेत आणि आजही लोक सामन्याआधी तिथे गर्दी करतात. रंगीत तालमीचाच प्रयोग व्हावा, असा हा प्रकार. याच बँडने १० ऑक्टोबर १९३६ रोजी चालत चालत वळणदार लिपीत ‘ओहायो’ हा शब्द प्रथम लिहिला, आणि तो त्यांचा मानबिंदू झाला. मैदानावर वळणदार ‘ओहायो’ लिहिण्याचा मान मात्र १९३२ मध्ये मिशिगनच्या बँडने आधीच घेतला होता. दोन्ही विद्यापीठांचे हाडवैर लक्षात घेता ओहायोत ही आठवण काढू नये.

हा पैसा कोणाचा?

‘विद्यार्थ्यांच्या शुल्कातून बँडचे लाड’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्यक्षात अशा इमारतींना देणगीदारांचा मोठा हातभार असतो, आणि नावावरून ते कळते. ओहायो स्टेडियमच्या आत २००१ पासून असलेले बँडचे केंद्र जोन स्टाइनब्रेनर यांच्या नावाने आहे. त्यांचे पती न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे मालक होते. पर्ड्यूत २०२२ मध्ये उघडलेली बँड व वाद्यवृंदांची इमारत हेगल दांपत्याच्या नावाची आहे, आणि त्याच वर्षी ते दोघे खाजगी यानातून अंतराळाच्या सीमेवर जाऊन आले. पर्ड्यूला हे शोभणारेच होते, कारण चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग विद्यार्थिदशेत तिथल्या बँडमध्ये बॅरिटोन हे पितळी वाद्य वाजवत असत.

आर्मस्ट्राँग अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, आणि तेही अपवाद नव्हते. अशा बँडांतली बहुसंख्य मुले संगीत शिकायला आलेली नसतात. ती दिवसा अभियांत्रिकी, जीवशास्त्र, अर्थशास्त्र शिकतात आणि संध्याकाळी मैदानावर उतरतात. त्यामुळे हा मूठभर कलावंतांवरचा खर्च आहे, हे म्हणणे टिकत नाही. वसतिगृहे आधी की मैदान आधी, हा वाद मात्र खरा आहे, आणि ज्या गावात भाडी विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत तिथे तो पुन्हा पुन्हा निघणारच.

मग वसतिगृहच वखारीच्या जागेवर का नाही?

वखारीच्या जागेचा काही भाग अ‍ॅलन क्रीक या ओढ्याच्या पूरक्षेत्रात येतो. ओढ्याला पाणी आले तर मैदान ते सोसते आणि चार दिवसांनी वाळते. झोपण्याच्या खोल्यांचे तसे नसते. मूळ मैदान विद्यापीठाच्या इमारतींना अधिक जवळचे, म्हणून राहण्यासाठी अधिक सोयीचे. पुण्यातली ढोल-ताशा पथके गणपतीआधीच्या आठवड्यांत मुठेच्या पात्रात सराव करतात, त्यामागेही असाच हिशेब आहे: पूररेषेच्या आत कोणी इमला बांधू शकत नाही, म्हणून ती जागा गजर करणाऱ्यांच्या वाट्याला येते. फरक एवढाच, की पथकांना ती जागा हंगामापुरती, परवानगीच्या आणि वेळेच्या अटींवर मिळते आणि शेजारच्या सोसायट्यांशी दरवर्षी नव्याने वाद घालावा लागतो, तर मिशिगनच्या बँडला रेषा, मनोरा आणि नाव यांसह कायमचे मैदान मिळाले आहे.

आवाजाचा त्रास तिथेही आहेच. वेळ ठरलेली आणि मर्यादित, दिवेलागणीच्या सुमारास संपणारी, त्यामुळे तो सुसह्य होतो, एवढेच म्हणता येईल. जुन्या एल्बेल फील्डवर राहायला येणाऱ्या २,३०० मुलांच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येईल: रोज संध्याकाळी शेजारच्या मैदानावरून आठ-आठ पावलांच्या हिशेबात येणारे ढोल, आणि सामन्याच्या दिवशी रेव्हेली हॉलपासून स्टेडियमकडे वाजत-गाजत निघालेला सबंध बँड.